बंधपत्रातले एक वर्ष

इंटर्नशिपचे शेवटचे दोन महिने उरले, की सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या होस्टेलांमध्ये एक शब्द वारंवार कानावर पडू लागतो – ‘बॉण्ड’. साडेपाच वर्षांपूर्वी प्रवेशाच्या धांदलीत, फीच्या पावत्या आणि दाखल्यांच्या गठ्ठ्यात, वडिलांच्या सहीनिशी लिहून दिलेला तो कागद आता फाइलीतून डोके वर काढतो. पदवीनंतर एक वर्ष सरकार सांगेल तेथे सेवा करीन, न केल्यास ठरलेली रक्कम भरीन, एवढाच त्याचा आशय. सही करताना तो कोणी नीट वाचलेला नसतो. आता मात्र त्यातल्या शब्दाशब्दाचा कीस पडतो. कोणाला कोणता जिल्हा मिळाला, कोण दंड भरून मोकळा होणार, शहराजवळचे केंद्र मिळावे म्हणून कोणाच्या मामाने कोणाला फोन केला, याशिवाय मेसमध्ये दुसरा विषय नसतो.

या विषयावर आपल्याकडे दोन ठरलेली भाषणे आहेत. पहिले भाषण म्हणते, जनतेच्या पैशातून तुम्ही डॉक्टर झालात, मग एक वर्ष खेड्यात जायला काय झाले? दुसरे म्हणते, केंद्रात औषध नाही, क्वार्टर गळते, मदतीला माणूस नाही. तेथे जाऊन आम्ही करायचे काय? दोन्ही भाषणांत तथ्य आहे. पण त्या वर्षात प्रत्यक्ष घडते काय, हे दोन्हींतही सांगितलेले नसते. तेवीस-चोवीस वर्षांचा डॉक्टर तेथे काय पाहतो, काय शिकतो, कशाला घाबरतो आणि तो निघून गेल्यावर गावाच्या हाती काय उरते, हे पाहिल्याशिवाय सक्ती योग्य की अयोग्य हा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही.

मेक्सिकोपासून भोर समितीपर्यंत

तरुण डॉक्टरांना सक्तीने खेड्यात पाठविण्याची कल्पना आपली नव्हे. तिचे एक जुने आणि ठळक उदाहरण मेक्सिकोचे आहे. लाझारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, १९३६ मध्ये, तेथील राष्ट्रीय विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचे प्रमुख गुस्ताव्हो बास यांनी सरकारशी करार केला आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्यांना ग्रामीण भागात धाडण्यास सुरुवात केली. क्रांतीनंतर जमिनीचे वाटप चालू होते, पण खेड्यांत डॉक्टर नव्हते. सुरुवातीला काही महिन्यांची असलेली ही ‘समाजसेवा’ पुढे वर्षाची झाली. त्या व्यवस्थेत एक बारकावा होता. सेवा संपविणाऱ्या विद्यार्थ्याला त्या गावाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहावा लागे, आणि तो अहवाल पदवीच्या कामात धरला जाई. मेक्सिकोच्या ग्रंथालयांत अशा प्रबंधांच्या रांगा आहेत. पाणी कोठून येते, बाळंतपणे कोण करते, कोणत्या महिन्यात कोणता ताप येतो, हे सारे पंचविशीच्या आतल्या मुलांनी लिहून ठेवले आहे.

पुढे हा मार्ग अनेकांनी धरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये आलेल्या एका आढाव्यानुसार सुमारे ७० देशांनी कधी ना कधी अशी सक्ती केली आहे. नायजेरियात यादवी युद्ध संपल्यावर, १९७३ मध्ये, सगळ्याच पदवीधरांसाठी एक वर्षाची राष्ट्रीय सेवा सुरू झाली आणि डॉक्टरही आपल्या प्रांताबाहेर रवाना होऊ लागले. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये डॉक्टरांसाठी एक वर्ष सक्तीचे केले. तुर्कस्तानने १९८१ मध्ये सक्ती आणली, २००३ मध्ये उठविली आणि दोनच वर्षांनी पुन्हा लागू केली. ती आणणे सोपे, टिकविणे कठीण आणि सोडून देणेही कठीण, असाच बहुतेकांचा अनुभव आहे.

आपल्याकडच्या पेचाचे मूळ मात्र वेगळ्या ठिकाणी सापडते. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला प्रसिद्ध अहवाल दिला. तेव्हा देशात साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, आणि तोही बहुतेक करून शहरात. त्या काळी डॉक्टर दोन प्रकारचे असत. विद्यापीठाची पदवी घेतलेले एम.बी.बी.एस. आणि वैद्यकीय शाळांतून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले एल.एम.पी. किंवा एल.सी.पी.एस. जुन्या पिढीतल्या वाचकांना आपल्या तालुक्याचे एल.एम.पी. डॉक्टर आठवत असतील. सायकलवरून किंवा घोड्यावरून व्हिजिटला जाणारा, बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून औषध देणारा तो डॉक्टर खेड्याचा होता. समितीच्या बहुमताने ठरविले, की यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा, पदवीधरच असावा. काही सदस्यांनी वेगळे मत नोंदविले. देशाला लागणारे डॉक्टर एवढ्या लवकर कोठून येणार, अशी त्यांची शंका होती. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ मध्ये महाविद्यालय झाले. नागपुरात रॉबर्टसन मेडिकल स्कूलच्या जागी १९४७ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले.

खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का, या प्रश्नामागची भावना उदात्त होती यात शंका नाही. परंतु शाळा बंद झाल्या तसा खेड्यात राहणारा डॉक्टरही हळूहळू कमी होत गेला आणि त्याची जागा घेईल असा पदवीधर तेथे पोचलाच नाही. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, इमारती झाल्या, पाट्या लागल्या. त्यांत बसायला डॉक्टर कोठून आणायचा, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे. बंधपत्र हे त्या प्रश्नाचे सरकारने काढलेले उत्तर.

समजा, नेमणूक धडगावची

समजा, लातूरकडची एक मुलगी पुण्यात शिकली आणि तिची नेमणूक नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या धडगाव तालुक्यातील एका केंद्रावर झाली. नियमाने आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. सपाटीवर ३० हजारांमागे. महाराष्ट्रात केंद्रावर दोन वैद्यकीय अधिकारी अपेक्षित आहेत. दुसरे पद भरलेले असेल, नसेल. भरलेले असले तरी तो डॉक्टर ट्रेनिंगला, तालुक्याच्या मीटिंगला किंवा रजेवर असण्याचा दिवस येतोच.

पहिला धक्का भाषेचा. मराठी मुलुखात आलो या समजुतीने आलेल्या या मुलीसमोर बसलेली बाई पावरी बोलते. गडचिरोलीत हीच गत माडियाची आणि मेळघाटात कोरकूची. ‘किती दिवसांपासून दुखतंय?’ एवढा प्रश्न शिपाई किंवा आशाताई उलटवून विचारते आणि लांबलचक उत्तराचे ‘पोट दुखतं म्हणते, मॅडम’ असे तीन-चार शब्दांत भाषांतर होते. मधले काय गळाले ते कळत नाही. रोगाचा इतिहास नीट विचारला, की निम्मे निदान होते, असे वॉर्डात सरांनी बजावलेले असते. येथे इतिहासच दुसऱ्याच्या तोंडून येतो.

दुसरा धक्का एकटेपणाचा. महाविद्यालयात रात्री अडलेली बाई आली, तर इंटर्न हाउसमनला उठवतो, हाउसमन रजिस्ट्रारला, रजिस्ट्रार लेक्चररला. या शिडीची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते, की शिडी आहे हेच लक्षात येत नाही. केंद्रावर रात्री दोन वाजता बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना, तेव्हा ती आणि नर्सबाई अशा दोघीच असतात. इंजेक्शन कोणते द्यायचे हे तिला पाठ आहे. पण आणखी किती वेळ थांबायचे, केव्हा गाडी मागवायची, घाटात पाऊस असताना पाठविणे जास्त धोक्याचे की ठेवून घेणे, हे पुस्तकात नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचविले आहेत. तरी गाडीला रस्ता लागतो आणि फोनला रेंज. रक्तपेढी तर दूरच्या गावी. अशा रात्री बहुधा नर्सबाईच मार्ग दाखविते. वीस वर्षे तेथेच काढलेल्या त्या बाईने अशा कितीतरी रात्री पाहिलेल्या असतात. आपण अधिकारी असलो तरी शिकायचे हिच्याकडून, हे ज्याला पहिल्या आठवड्यात उमगते त्याचे वर्ष सुधारते.

तिसरी गोष्ट सर्पदंशाची. पेरणीच्या दिवसांत आणि पुढे भातकापणीपर्यंत रुग्ण येत राहतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी लस केंद्रात असते, पण लस द्यायची की नाही हे ठरवायचे कसे? घोणस चावली असेल तर रक्त गोठत नाही. त्याची तपासणी म्हणजे स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, ती २० मिनिटे न हलविता ठेवायची आणि मग तिरकी करून पाहायची. बाकी यंत्र नाही, तंत्र नाही. ती २० मिनिटे खाटेवर घामाघूम झालेला तरुण, दाराशी जमलेले नातेवाईक, त्यांच्यातला एक भगताकडे नेऊ म्हणणारा, आणि घड्याळाकडे पाहत बसलेली डॉक्टर. मण्यारीचे आणखी कठीण. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दंशाची खूण धड दिसत नाही, पहाटे पोटात दुखते आणि पापण्या जड होतात. हे लक्षण ओळखायला शिकलेला डॉक्टर ते जन्मभर विसरत नाही.

रोगांशिवायचे काम निराळेच. पाण्यात बुडालेल्याचे, गळफास घेतलेल्याचे शवविच्छेदन अनेक केंद्रांवर वैद्यकीय अधिकाऱ्यालाच करावे लागते. केंद्राच्या मागची एक खोली, एक ओटा आणि मदतीला एक माणूस. त्या अहवालावरची सही मग पाठ सोडत नाही. वर्ष संपवून डॉक्टर मुंबईला किंवा दिल्लीला पुढे शिकायला गेला, तरी साक्षीचे समन्स मागोमाग येते. मारामारीतल्या जखमेचे सर्टिफिकेट, अटकेतल्या माणसाच्या तपासणीचा दाखला, यांत काय लिहावे आणि काय गाळावे याबद्दल सूचना करणारे पुढारी आणि अधिकारी असतात. ओळख ना पाळख अशा गावात, एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीला अशा सूचना मिळतात तेव्हा त्यांचा अर्थ वेगळा होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जे घडले, त्यानंतर देशभर रुग्णालयांतील सुरक्षिततेची चर्चा झाली. ते महानगरातले, शेकडो माणसांचा राबता असलेले रुग्णालय होते. डोंगरातल्या केंद्रातल्या क्वार्टरच्या कडीकोयंड्याची चर्चा त्यामानाने फारच थोडी झाली.

दिवस मावळला, की रजिस्टरे. लसीकरण, गरोदर माता, कुपोषित बालके, क्षयरोग, हिवताप, जन्म-मृत्यू, साथरोग. प्रत्येकाचा वेगळा तक्ता आणि आता प्रत्येकाचे वेगळे पोर्टल. ते आटोपल्यावर पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे पुस्तक उघडायचे. शहरात राहिलेले वर्गमित्र दिवसभर क्लासमध्ये बसून हाच अभ्यास करीत आहेत, हे ठाऊक असतेच. बंधपत्रावरचा खरा राग बहुतेकांच्या मनात येथून येतो. खेड्याचा त्यांना तिटकारा नसतो. शर्यत चालू असताना आपल्याच पायात बेडी का, असे त्यांना वाटते.

केंद्र काय शिकविते

असे असूनही हे वर्ष पुरे करून आलेल्या अनेकांच्या बोलण्यात, तक्रारींच्या जोडीला, एक वेगळाच सूर असतो. मोठ्या रुग्णालयात रोग खाटेवर झोपलेला भेटतो. येथे तो घरात, शेतात, रस्त्यावर भेटतो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे गेलेली कुटुंबे होळीला परततात, तेव्हा गरोदर बाई मधले सगळे महिने तपासणीविना राहिलेली असते. मूल पुन्हा पुन्हा का आजारी पडते याचे उत्तर कधी सिकलसेलमध्ये सापडते, कधी आईच्या मजुरीच्या वेळांत. ‘अशिक्षित लोक वेळेवर येत नाहीत’ हे वॉर्डातले वाक्य, वेळेवर येण्यासाठी किती तास चालावे लागते हे एकदा पाहिल्यावर, पुन्हा तोंडून निघत नाही.

अशा केंद्रातून काय घडू शकते याचे महाराष्ट्रातले एक उदाहरण सर्वश्रुत आहे. १९७६ च्या सुमारास हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी येथील आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाला. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. पाठ्यपुस्तकात यावर सांगण्यासारखे फारसे नव्हते. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. घाम, उलट्या, थंडगार हातपाय, मग हृदयावर ताण आणि फुफ्फुसांत पाणी, हा क्रम त्यांनी मांडला. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात नियतकालिकात छापून आली. पुढे एम.डी. करून ते महाडलाच परतले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त, तोंडाने घ्यायचे औषध विंचूदंशात गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. एके काळी शंभरांत तीस-चाळीस रुग्ण दगावत, तेथे ते प्रमाण एक-दोनावर आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे उदाहरण देऊन प्रत्येक बंधपत्रित डॉक्टराने बावस्कर व्हावे असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. हेमलकशाचे आमटे दांपत्य, ‘सर्च’चे बंग दांपत्य, बैरागडचे कोल्हे दांपत्य यांची नावेही अशीच घाईघाईने घेतली जातात आणि व्यवस्थेचे अपयश व्यक्तींच्या त्यागाखाली झाकले जाते. ही माणसे स्वतःहून गेली. बंधपत्राने त्यांना कोणी नेले नव्हते. पण बिरवाडीच्या गोष्टीतून एक बोध निश्चित घेता येतो. पाठ्यपुस्तकाला ठाऊक नसलेले प्रश्न त्या केंद्राच्या दाराशी रोज येत होते. नोंदी ठेवणारा, प्रश्न विचारणारा एक माणूस तेथे पुरेसा काळ टिकला, म्हणून ते प्रश्न जगापुढे गेले. शिकण्याची जागा म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्र वैद्यकीय महाविद्यालयापेक्षा हलके नाही. आपण मात्र तेथील नेमणुकीकडे शिक्षा म्हणूनच पाहतो.

गावाच्या बाजूने

गावाला हे वर्ष कसे दिसते? दरवर्षी पावसाळ्याच्या आगेमागे नवा डॉक्टर येतो. तो भाषा शिकतो, वाटा शिकतो, कोणत्या पाड्यावर कोणाचे ऐकतात हे शिकतो, आणि हे सारे जेमतेम जमू लागते तोवर त्याची मुदत भरते. पुढचा पुन्हा पहिलीपासून. लोक तरी किती वेळा नव्याने विश्वास ठेवणार? मग ते हळूहळू डॉक्टरचे नाव विचारेनासे होतात.

मधल्या काळात गाव चालते ते जाणाऱ्या-येणाऱ्या डॉक्टरांवर नव्हे. १९९२-९३ मध्ये जव्हार-मोखाड्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी आणि त्याच सुमारास मेळघाटातल्या मृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर आदिवासी भागासाठी नवसंजीवन योजना आली आणि पाड्यापाड्यांवर फिरणारी ‘भरारी पथके’ उभी राहिली. या पथकांत बहुतांशी बी.ए.एम.एस. डॉक्टर होते. वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर, कायम नोकरीची शाश्वती नसताना, त्यांनी ही वणवण केली. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या काठच्या गावांपर्यंत तरंगता दवाखाना नेणारे हेच, आणि नाल्याला पूर आल्यावर पलीकडे जाऊन आलेले हेच. त्यांच्या जोडीला उपकेंद्रातली नर्सबाई आणि २००५ नंतर आलेली आशाताई. ही साखळी जेथे घट्ट आहे तेथे बंधपत्रित डॉक्टरचे वर्ष उपयोगी पडते, कारण त्याला टेकायला काही असते. साखळी तुटलेली असेल तेथे एम.बी.बी.एस. डॉक्टर नेमून केवळ रिक्त पदांचा तक्ता भरतो.

सक्ती कोणावर?

बंधपत्र कायद्याच्या कसोटीवर उतरले आहे. निरनिराळ्या राज्यांतील डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले. ही वेठबिगारी आहे, व्यवसायस्वातंत्र्यावर घाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ च्या निकालात ते मान्य केले नाही. सरकारी खर्चाने, अल्प फीमध्ये शिक्षण घेतले असेल तर समाजासाठी काही काळ देण्याची अट गैर नाही, असा निकालाचा आशय. मात्र प्रत्येक राज्याच्या अटी वेगळ्या असल्याने देशभर एकसारखे धोरण असावे, अशी सूचनाही न्यायालयाने केली. त्यानंतरही वाद मिटला नाही. हरियाणात २०२२ च्या अखेरीस वैद्यकीय विद्यार्थी दीर्घकाळ आंदोलनाला बसले, तेव्हा सरकारला सात वर्षांची मुदत पाचांवर आणावी लागली.

कायदेशीरपणा सिद्ध झाला तरी न्यायाचा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात बंधपत्र मोडल्यास एम.बी.बी.एस.साठी १० लाख, पदव्युत्तरांसाठी ५० लाख आणि अतिविशेषज्ञांसाठी २ कोटी रुपये असे दंडाचे दर ठरविण्यात आले होते. दंड कितीही मोठा ठेवला तरी, ज्याच्या वडिलांचे नर्सिंग होम आहे त्याला तो परवडतो; ज्याच्या वडिलांनी शेत गहाण टाकले त्याला नाही. त्यामुळे सक्तीची खरी झळ गरिबाच्या मुलालाच लागते. खासगी महाविद्यालयात फार मोठी फी भरून शिकलेला डॉक्टर तर या प्रश्नाच्या बाहेरच राहतो. गुणांच्या जोरावर सरकारी महाविद्यालयात गेलेला समाजाचा ऋणी आणि पैशाच्या जोरावर गेलेला ऋणमुक्त, हा हिशेब कोणत्याही तरुणाला पटणे कठीण आहे. खासगी महाविद्यालयांतले विद्यार्थीही शेवटी समाजाने उभ्या केलेल्या शाळांतून आलेले असतात, सार्वजनिक रुग्णालयांनी घडविलेल्या शिक्षकांकडून शिकतात. सेवा हे ऋण असेल तर ते सर्वांवर असले पाहिजे.

दुसऱ्यांनी काय केले

या बाबतीत थायलंडचा अनुभव शिकण्यासारखा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आपले डॉक्टर अमेरिकेला निघून चालल्याचे पाहून, तेथील सरकारने वैद्यकीय विद्यार्थ्यांवर तीन वर्षांच्या सरकारी सेवेची अट घातली. परंतु सरकार तेथे थांबले नाही. ग्रामीण भागातल्या मुलांना निवडून, त्यांच्याच प्रदेशात शिकवून तेथेच नेमण्याची पद्धत सुरू केली. १९८० च्या दशकात शहरी रुग्णालयांच्या नव्या बांधकामांना आवर घालून पैसा तालुका पातळीच्या रुग्णालयांकडे वळविला. दुर्गम भागासाठी वेगळा भत्ता ठेवला. ग्रामीण डॉक्टरांची स्वतःची संघटना उभी राहिली आणि तिच्यातून आरोग्य मंत्रालयाचे कामकाज हाकणारी माणसे पुढे आली. तेथेही डॉक्टर शहराकडे पळतातच. पण बंधपत्रावर गेलेल्या मुलाला तालुक्याच्या गावी चालू स्थितीतले रुग्णालय आणि वरिष्ठ सहकारी भेटतो.

उलट बाजूही पाहावी. सक्तीचे जुने घर असलेल्या मेक्सिकोत, हिंसाचाराने ग्रासलेल्या भागांत एकट्याने केंद्र सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न अलीकडच्या वर्षांत इतका तीव्र झाला, की ही पद्धतच बदलावी अशी मागणी होऊ लागली. दक्षिण आफ्रिकेत या वर्षाने आत्मविश्वास वाढला असे सांगणारे तरुण डॉक्टर पुष्कळ आहेत, आणि शिकवायला, चूक दाखवायला कोणी वरिष्ठ नव्हता ही त्यांची मोठी तक्रार आहे. धडगावच्या आपल्या कल्पित डॉक्टरचीही हीच तक्रार असणार.

आपल्या घरातही नमुने आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने, १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी ती स्थापन केल्यापासून, विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी खेड्यात नेऊन राहायला लावले आणि कुटुंबे दत्तक दिली. खेडे त्याला पदवीनंतर अचानक भेटत नाही. राष्ट्रीय पातळीवर विद्यार्थ्याने कुटुंब दत्तक घेण्याची कल्पना अभ्यासक्रमात आली ती अलीकडे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याची योजनाही २०२१ च्या तुकडीपासून लागू झाली. तसेच, सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी मान्य केला आहे. दुर्गम भागात काढलेले वर्ष पुढच्या प्रवेशात जमेला धरायचे ठरविले, तर शर्यतीतली बेडी बऱ्याच अंशी सुटते.

वर्ष सत्कारणी लागावे म्हणून

तेव्हा सक्ती ठेवायची असेल तर सरकारनेही एक बंधपत्र लिहून द्यायला हवे. निकाल लागताच नेमणूक मिळावी; आदेशाची वाट पाहण्यात सहा-सहा महिने जाऊ नयेत. नेमणुकीची यादी गुणक्रमाने आणि उघड लागावी, म्हणजे मामाच्या फोनची गरज पडणार नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याला एकटे ठेवू नये. रात्री-अपरात्री फोन उचलणारा एक तज्ज्ञ प्रत्येक केंद्राला नावानिशी नेमून द्यावा. महाविद्यालयाने आपला विद्यार्थी कोठे गेला हे विसरू नये. वर्षातून दोनदा तरी शिक्षकाने केंद्रावर जाऊन यावे. पगार महिन्याच्या महिन्याला व्हावा आणि क्वार्टरला कडी असावी. यांतली एकही मागणी चैनीची नाही.

आणि एक छोटी गोष्ट, जिला फारसा पैसा लागत नाही. आज वर्ष संपविणारा डॉक्टर चार्ज देतो म्हणजे डेडस्टॉकची यादी देतो: खुर्च्या किती, कपाटे किती, बी.पी.ची यंत्रे किती. मेक्सिकोप्रमाणे त्याने जाण्याआधी त्या भागाविषयी पाच-दहा पाने लिहावीत. कोणत्या पाड्यावर कोणत्या महिन्यात वाट बंद होते, घोणस कोठे जास्त, ऊसतोडीला कोण जाते आणि केव्हा परतते, सिकलसेलची मुले कोणत्या घरांत आहेत, कोणत्या दाईचे लोक ऐकतात, काय करून पाहिले आणि काय फसले. ही वही केंद्रात राहावी आणि नव्या डॉक्टरच्या हाती पहिल्या दिवशी पडावी. पाचव्या-सहाव्या वर्षी येणाऱ्या मुलीला मग पावरीतले पहिले दहा शब्द तरी लिहिलेले मिळतील, आणि डॉक्टर बदलला तरी गावाला दरवर्षी आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागणार नाही.